शेजारच्या सीटवरचा ब्रेक

उलवे

आधीच सांगून टाकते, मी भित्री बाई आहे. आमच्या अकराव्या मजल्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालायचे तरी मी एक हात दाराच्या चौकटीला धरून घालते. त्यामुळे हल्ली सोसायटीतल्या बायका मला 'आल्प्समध्ये गाडीनं फिरून आलेल्या रेखाताई' म्हणतात, तेव्हा हसूच येतं. फिरून आले हे खरं आहे. कशी आले ते ऐका.

आमची मुलगी मृणाल म्युनिकला नोकरी करते. पहिल्या वर्षीच तिनं फर्मान काढलं की जूनमध्ये आई-पप्पांनी यायचं, गाडी भाड्यानं घ्यायची, ऑस्ट्रियाचे डोंगर ओलांडायचे, आणि वर जाऊन पायी पण भटकायचं. तिला स्वतःला गाडी येत नाही. चालवणार कोण, तर पप्पा. पप्पा म्हणजे आमचे हे, विलास. साताऱ्याकडचा माणूस, तुर्भ्याच्या मार्केटात टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून लागला आणि आज स्वतःचे तीन ट्रक आहेत. ऑफिसात खुर्चीवर बसून ह्यांची पाठ दुखते आणि स्टिअरिंगवर बसलं की थांबते. अशा माणसाला कोणी आल्प्सचा घाट दाखवला तर काय होणार? रोज जेवण झालं की टीव्हीवर त्या घाटाचे व्हिडिओ सुरू. कोणीतरी गाडीच्या काचेला कॅमेरा लावून सगळा रस्ता शूट केलेला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. मी सोफ्यावर बसून बघायचे आणि वळण आलं की माझा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा.

"बघ बघ, सोफ्यावर बसून ब्रेक मारतेय!" हे खिदळायचे.

ही माझी जुनी सवय. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या शेजारी बसून पायाखालचं मॅट दाबत आलेय. "तिकडं पण एक ब्रेक बसवून घेऊ का तुला?" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे.

पण ह्या वेळची भीती वेगळी होती आणि ती मला कोणाला सांगता येत नव्हती. दिवाळीनंतर एकदा हे गाडी पार्क करायला खाली गेले ते वर येईचनात. मी बघायला गेले तर गाडी बंद, हे आत, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं, डोळे मिटलेले. "रेखा, पार्किंग फिरतंय सगळं," म्हणाले. डॉक्टर म्हणाले, हार्ट नाही, बीपी नाही, कानातला दोष आहे. चक्कर कधीही येईल, गोळ्या घ्या, उंचावर जपून, गाडी जरा कमी चालवा. ह्यांनी त्यातला फक्त 'जरा' ऐकला. त्यानंतर चक्कर परत आली, एकदा जेवताना आणि एकदा देवळात.

"मृणालला एक शब्द बोलायचा नाही," हे म्हणाले. "ती ट्रिपच कॅन्सल करेल. पोरगी वर्षभर ह्याच्यावर जगतेय. तुला माझ्या गळ्याची शपथ."

शपथ घातली की आमच्यात विषय संपतो. बरोबर आहे की चूक, ते नंतर. शनिवारी व्हिडिओ कॉलवर मृणाल नकाशा दाखवायची, इथं राहायचं, इथं चालायचं, आणि हे विचारायचे, "चढ कसा आहे? वळणं आतली का बाहेरची?" आणि मी स्क्रीनच्या कोपऱ्यात देव पाण्यात घालून बसल्यासारखी बसायचे. मृणालनं ऑटोमॅटिक गाडी सुचवली तर ह्यांना राग. "ऑटोमॅटिक म्हणजे गाडी आपल्याला चालवते. घाटात गियर पायजे हातात." झालं, गियरचीच गाडी ठरली.

फक्त एक गोष्ट मी केली. ह्यांचं परदेशात चालवायचं परमिट काढायला वाशीच्या आरटीओत गेलो तेव्हा म्हटलं, माझं पण काढा. माझ्याकडे लायसन्स होतं, कपाटात. "तुझं काय काम?" हे म्हणाले. मी म्हटलं, "असू दे की. फोटो चांगला आलाय." मग महिनाभर सकाळी चालायला जाते सांगून मी शेजारच्या नसीमाताईंबरोबर त्यांची गाडी घेऊन बाहेर पडायचे. नसीमाताई मूळच्या रायगडातल्या म्हसळ्याच्या, नवरा दुबईला, त्यामुळे मुलांच्या शाळेपासून माहेरपर्यंत सगळं ड्रायव्हिंग त्यांचंच. उलव्यात अजून असे सेक्टर आहेत की रस्ता रुंद, दिवे लागलेत, पण बिल्डिंगा यायच्यात. तिथं मी शिकायचे. गाडी बंद पडायची, मी स्टिअरिंगवर डोकं ठेवायचे.

"अगो बाय, घाबरतेस किती? रस्त्यावर कुत्रं पण नाय," नसीमाताई म्हणायच्या. "चल, परत स्टार्ट कर."

एवढी तयारी घेऊन मी निघाले. दारात नवी मुंबईचा नवीन विमानतळ आणि आमचं विमान मुंबईहून, ह्याच्यावर हे टॅक्सीत अर्धा तास बडबडत होते. माझ्या पर्समध्ये मेतकूट होतं आणि ह्यांच्या गोळ्यांची दोन पाकिटं.

तलावाकाठचं गाव

म्युनिकमध्ये गाडी ताब्यात घेताना मृणालनं काउंटरवर स्वतःहूनच सांगितलं, "दुसरी ड्रायव्हर माझी आई." परमिटचं मीच तिला फोनवर बोलले होते. ह्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

तिकडं सगळं उजवीकडून. स्टिअरिंग डावीकडे, गियर उजव्या हाताला. पहिल्या चौकात ह्यांनी गियरसाठी डावा हात टाकला आणि दाराचं हँडल खेचलं. मृणाल मागं हसून लोटपोट. मी मात्र तेव्हापासून मॅट दाबायला सुरुवात केली ती मुक्कामाचं झेल-अम-झी येईपर्यंत.

गाव मात्र दृष्ट लागण्यासारखं. निळा तलाव, मागं बर्फाचे डोंगर, आणि प्रत्येक खिडकीत लाल फुलांच्या कुंड्या. आपल्याकडे खिडकीत आधी ग्रिल बसतं आणि ग्रिलमध्ये जुनी सायकल. संध्याकाळी पायवाटेवर जो भेटेल तो ओळख ना देख 'ग्रुस गॉट' म्हणायचा. मृणालनं अर्थ सांगितला, देवाचं नाव घेऊन नमस्कार. हे लगेच खूश. "मग आपला राम रामच की!" आणि त्यानंतर ह्यांनी अख्ख्या ऑस्ट्रियाला राम राम घातला. म्हातारे लोक हात वर करून उत्तर द्यायचे.

जेवायला चीजचा तळलेला मोठा वडा सूपमध्ये बुडवून आला. आपला कटवडाच, फक्त कट आजारी माणसाला देतात तसला. ह्यांनी खिशातून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली. वाढणारी बाई बघत उभी राहिली, तर तिलाही चिमूटभर दिली. ती खोकली, पाणी प्यायली आणि परत मागायला आली. त्या संध्याकाळी ह्यांना इतकं आनंदात पाहून मला वाटलं, उगीच जीव टांगणीला लावलाय आपण. काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते झालं.

दरीतून जाणारा साधा रस्ता होता, घाट पण नाही. पुढं गवताचे भारे लादलेला ट्रॅक्टर, मुंगीच्या पावलानं चाललेला. थोड्या वेळानं त्यानं डावीकडचा इंडिकेटर दिला.

"बघ, साइड देतोय," हे म्हणाले. "माणसं कुठलीपण घे, ड्रायव्हर तेवढा सारखाच."

आपल्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे. घाटात पुढचा ट्रकवाला ओव्हरटेकच्या बाजूचा इंडिकेटर दाखवतो, म्हणजे समोरून कोणी येत नाही, जा बाबा पुढं. ह्यांनी हात वर करून ट्रॅक्टरवाल्याला धन्यवाद दिले, गाडी डावीकडे काढली आणि ॲक्सिलरेटर दिला. आणि ट्रॅक्टर डावीकडे वळला.

मी ओरडले की नाही, आठवत नाही. मृणाल ओरडली. ब्रेकचा आवाज झाला, पट्टा छातीत रुतला आणि काचेत माझ्यासमोर ट्रॅक्टरचं ते भलंमोठं काळं चाक, चिखलाचे पापुद्रे लागलेलं. मधे हातभर अंतर असेल. गवताच्या काड्या आमच्या बोनेटवर पडत होत्या.

ट्रॅक्टरवाला खाली उतरला. वयस्कर, तोंड लालबुंद. त्याला डावीकडच्या शेतात वळायचं होतं. तो ओरडला नाही, नुसता काही तरी विचारत राहिला. मृणाल खाली उतरली, जर्मनमध्ये माफी मागितली, आपल्याकडची पद्धत समजावून सांगितली. त्यानं विचार केला आणि एक प्रश्न विचारला. मृणालनं भाषांतर केलं, "ते विचारतायत, मग तुमच्याकडे खरंच वळायचं असेल तर काय करतात?"

"हात दाखवतो," हे हळूच म्हणाले.

म्हातारा ह्यांच्या हाताकडे बघत राहिला. मग त्यानं ह्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि निघून गेला.

मृणाल जरा लांब जाऊन पाणी पीत होती तेव्हा मी विचारलं, "खरं सांगा. चक्कर होती?"

"नाय. सिग्नल चुकला."

"माझी शपथ?"

"सिग्नल चुकला म्हटलं ना, रेखा!"

खरं असेलही. पण तेव्हापासून मला एक कळेना, ह्यांचं काही चुकलं तर ते साधं चुकणं की ते दुसरं. शेजारी बसलेल्या माणसाला ते दिसत नाही. त्या रात्री मी त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकत जागी होते.

घाट

ग्रोसग्लॉकनरचा घाट म्हणजे टीव्हीवर पाहिलेला तोच. पायथ्याशी रस्त्याकडेला लाकडी क्रूस होता, वर चिमुकलं छप्पर, खाली ताजी फुलं. ह्यांनी गाडी थांबवली, उतरले, आणि खिशातलं पाच रुपयाचं नाणं तिथं ठेवलं. खंडाळ्याला घाटात शिंगरोबाच्या देवळात टाकतात तसं. मृणाल म्हणाली, "पप्पा, इथं रुपये चालत नाहीत." हे म्हणाले, "त्याला चालतात." मी नुसती हात जोडून उभी राहिले. काय मागितलं ते तुम्हाला माहीत आहे.

आणि खरं सांगते, हे काय सुंदर चालवत होते! प्रत्येक वळणावर नंबरची पाटी, त्याखाली उंची लिहिलेली, म्हणजे आपण कुठून पडणार ते आधीच कळतं. दोन्ही बाजूंना गाडीपेक्षा उंच बर्फाच्या भिंती. जूनमध्ये! इंजिनाचा आवाज ऐकून हे गियर बदलायचे, उजव्या हाताची आता सवय झाली होती. वळणावर हॉर्न मात्र वाजवायचेच. सायकलवाले वळून वळून बघायचे, एकानं मूठ दाखवली. "आपण आपलं कर्तव्य केलं," हे म्हणाले. मृणालनं गाणी लावली होती. माझा उजवा पाय दाबून दाबून पोटरीत गोळा आला होता.

वर पोचलो. पार्किंगपासून डोंगराच्या कडेनं एक पायवाट जाते, खाली हिमनदी. हिमनदी म्हणजे मला वाटलं होतं चमचमणारं काहीतरी. ती होती राखाडी, भेगाळलेली, आणि खूप खाली. पूर्वी ती ह्या वाटेच्या बरीच जवळ होती म्हणे, आटत आटत तिकडं गेली. वाट रुंद होती, लहान मुलं पळत होती, घाबरण्यासारखं काही नव्हतं. मृणाल पुढं गेली. तिथं दगडांत घुशीएवढे गुबगुबीत प्राणी असतात, मार्मोट म्हणतात, त्यांचा फोटो काढायला. मी डोंगराकडून, हे दरीकडून चालत होते. बोलता बोलता ह्यांनी माझं मनगट धरलं.

"रेखा. डोंगर फिरतोय."

मी त्यांना आत ओढलं. कसं ओढलं, ऐंशी किलोचा माणूस आहे. पाठ खडकाला टेकवून खाली बसवलं. दोन्ही हातांनी हे खालची जमीन धरून बसले होते, जशी ती निसटून चाललीय. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. मी पर्समध्ये गोळी शोधतेय तर मेतकुटाची पुडी फुटलेली, सगळं पिवळं पीठ. गोळी जिभेखाली दिली. खाली बघायचं नाही, खाली बघायचं नाही, असं मी मोठ्यानं म्हणत होते म्हणे.

"पोरीला हाक मारू नको," हे डोळे मिटून म्हणाले. "दहा मिनिटं दे. थांबेल. मग मी चालवतो हळूहळू. तुला शपथ घातलीय."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या घाटाकडे, जो आम्हाला आता उतरायचा होता.

"मृणाऽऽल!"

एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात ओरडले नव्हते. समोरच्या डोंगरावरून आवाज परत आला. मृणाल धावत आली, आणि मी तिला सगळं सांगितलं, पार्किंग, डॉक्टर, देऊळ, सगळं. हे डोळे मिटून ऐकत होते. वाटेनं जाणारं एक जोडपं थांबलं, त्यांनी थर्मासमधला गोड चहा दिला.

मृणालनं आधी पप्पांचे हात चोळले. मग उभी राहिली आणि तिचा बांध फुटला. "म्हणजे तुम्हा दोघांना माहीत होतं, आणि मी मागे बसून गाणी लावत होते? ट्रिप गेली खड्ड्यात, आई! मला ट्रिप हवी होती की तुम्ही?"

चुकलंच होतं आमचं.

चक्कर ओसरली, पण हे उभे राहिले की झोकांडी जायची. दोघींनी धरून गाडीपर्यंत आणलं. मृणाल फोनवर मदतीचा नंबर शोधायला लागली. संध्याकाळ होत आलेली, वारा सुटलेला. मी हात पुढं केला.

"चावी द्या," मी ह्यांना म्हटलं.

ह्यांनी खिशात हात घातला. चावी काढली, पण लगेच दिली नाही. तळहातावर घेऊन बसले. "गियर उजव्या हाताला आहे," म्हणाले.

"माहितीय."

"तुला... कोणी शिकवलं?"

"नसीमाताईंनी. द्या आता."

गाडी पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदाही पडली. मागं मृणालचा श्वास ऐकू येत होता. नसीमाताई असत्या तर म्हणाल्या असत्या, रस्त्यावर कुत्रं पण नाय. इथं कुत्रं नव्हतं, पण रस्ताही गाडीभरच वाटत होता. तिसऱ्यांदा गाडी सुटली.

पहिलं वळण आलं तसा मी ब्रेक दाबला, आणि दाबूनच धरला.

"ब्रेकवर उतरू नको," शेजारून आवाज आला. ह्यांनी डोळे मिटलेलेच होते, डोकं मागं टेकलेलं. "ज्या गियरनं चढलो त्याच गियरनं उतरायचं. दुसरा टाक."

टाकला. इंजिन गुरगुरलं आणि गाडीनं स्वतःला धरलं. मग पुढचा सगळा घाट हे असेच कानानं उतरवत होते. "आता सोड. आता वळण आलं ना? हॉर्न दे." मी हॉर्न दिला. "दुसराच राहू दे." त्यांना काही दिसत नव्हतं आणि मला दरीशिवाय काही दिसत नव्हतं. पाठ घामानं भिजली होती. मागं गाड्यांची रांग लागली, कोणी हॉर्न मारला नाही. खाली हाइलिगेनब्लुट गावच्या चर्चचं टोकदार शिखर दिसलं, ते वळणागणिक मोठं होत गेलं, आणि एकदाचा सपाट रस्ता आला. मी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि हमसून हमसून रडले. मृणालनं मागून दोन्ही हातांनी मला धरलं. जेवणापर्यंत ती पप्पांशी बोलली नाही. मग सूप आल्यावर तिनंच त्यांच्या खिशातली चटणीची पुडी काढून त्यांच्या वाटीत टाकली.

पुढचे दिवस आम्ही दरीतच राहिलो. तलाव, रेल्वे, गावातली सपाट चाल. डोंगर खालूनच छान दिसतात, हे माझं आधीपासूनचं मत आहे.

परत उलवे

आलो त्याच्या पहिल्याच रविवारी साताऱ्याला पुतणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. सकाळी मी डबा घेऊन खाली पार्किंगमध्ये आले. हे गाडीच्या डाव्या दाराशी उभे होते. दार उघडलं, आत बसले, पट्टा लावला. चावी स्टिअरिंगशेजारी आधीच लावून ठेवलेली.

मला कौतुक वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. इतकी वर्षं हा माणूस गाडी चालवेल म्हणून मी घाबरत आले. त्याला त्या सीटवर गुपचूप बसलेलं पाहून कळलं, ती भीती परवडली. मृणालच्या त्या सगळ्या डोंगरांत मला असं भ्यायला झालं नव्हतं. कान आज बिघडला, उद्या काय? मी वळसा घालून उजवीकडे गेले आणि बसले.

खंडाळ्याच्या घाटात एक कंटेनर बाजूनं घुसला. मी त्याला जाऊ दिलं आणि सहज डावीकडे नजर गेली. ह्यांचे डोळे समोर, हात मांडीवर, आणि उजवा पाय मॅटवर गच्च दाबलेला.

'तिकडं पण एक ब्रेक बसवून घेऊ का?' इतक्या वर्षांचं ते वाक्य माझ्या अगदी ओठावर आलं.

त्याऐवजी दुसरा गियर टाकला, गाडी अजून हळू केली. थोड्या वेळानं त्यांचा पाय मॅटवरून उचलला गेला.